कशेळीचे वडे आणि मानकोलीची फायनल

गडहिंग्लजला परत आल्यापासून लोक मला दोन प्रश्न विचारतात. कप आणला का, हा पहिला. आणि तुम्ही तिथे नेमकं काय करत होतात, हा दुसरा. दुसरा प्रश्न रास्त आहे. मी कुंदा, बासष्ट वर्षांची, संस्थेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. आयुष्यात एकदाच मी चेंडूला पाय लावला, तेव्हा चेंडू जागेवर राहिला आणि चप्पल शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली. तरी या जानेवारीत मी आमच्या मुलींच्या गेलिक फुटबॉल संघाची मॅनेजर म्हणून भिवंडीला जाऊन आले.

त्याचं कारण साधं आहे. संघाबरोबर एक वडीलधारी बाई हवी असा नियम आहे, आणि फायनल भिवंडीजवळ मानकोलीला होती. माझं माहेर तिथून जवळच, कशेळीला. माझी निवड करताना माझ्या गुणांपेक्षा माझ्या भावाचं तीन मजली घर जास्त विचारात घेतलं गेलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. मला त्याचं काही वाटलं नाही. माहेरी जायला मिळत असेल तर मी सर्कशीची मॅनेजर म्हणूनही गेले असते.

हा खेळ काय आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. खेळ आयर्लंडचा. चेंडू गोलच असतो, पण हातात घेता येतो. हातात घेऊन चार पावलं पळायचं, मग तो जमिनीवर आपटून परत घ्यायचा किंवा स्वतःच्याच पायाने हलकेच उडवून झेलायचा. दुसरीला द्यायचा तर लाथ मारायची किंवा मूठ. खांब उंच, मधे आडवी दांडी. दांडीवरून चेंडू गेला तर एक पॉइंट, दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, आणि एका गोलाचे तीन पॉइंट. एवढं समजलं की सामना बघता येतो. मला अजूनही एवढंच समजतं.

आमच्याकडे तो आणला रोहिणीने. ती कॉलेजची क्रीडाशिक्षिका, पुण्याच्या एका शिबिरात शिकून आली. गडहिंग्लज फुटबॉलवेडं गाव, पण ते वेड पोरांचं. मुलींना कॉलेजचं मैदान संध्याकाळी पाच ते सात मिळायचं, तेही रोहिणीने भांडून घेतलेलं. आता शाळा आणि कॉलेज चालवणाऱ्या आमच्या संस्थेला तिथे क्रिकेट अकादमी काढायची आहे. निघायच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "कप आणलात तर मैदान मुलींचं, मॅडम. नाही आणलात तर एक तारखेपासून क्रिकेट."

मुलींना मी हे बसमध्ये सांगितलं. तेरा मुली होत्या, आणि मैदान जाणं म्हणजे काय ते तेराही जणींना ठाऊक होतं. पोरांना खेळायला ओढ्याकाठ आहे, माळ आहे, बाजारची जागा आहे. मुलींनी तिथे धावायचं म्हटलं तर कट्ट्यावर बघ्यांची रांग लागते. चार भिंतींच्या आतलं ते एकच मैदान होतं. आमची कॅप्टन अर्चना, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली गवंड्याची मुलगी, तिने फक्त मान हलवली आणि पिशवीतून नियमांची पुस्तिका काढून वाचत बसली. ती पुस्तिका परदेशी नियमांवरून जशीच्या तशी उतरवलेली आहे. आमच्यात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत अर्चनाखेरीज कुणी वाचलेली नाही, मॅनेजरने तर नाहीच.

कशेळी, शनिवार

रात्रभराच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी मानकोली नाक्यावर मात्र बस तासभर कंटेनरांच्या मधे अडकली. डावीकडे कंटेनर, उजवीकडे कंटेनर, पुढे गोडाऊनचे पत्रे. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमचं म्हायेर कुठं सुरू हुतंय?" मी म्हटलं, सुरू होऊन अर्धा तास झाला. माझ्या लहानपणी इथे भाताची खाचरं होती. आता शेतात गोडाऊन पिकतं, आणि माझा धाकटा भाऊ बाळाराम शेतकऱ्याचा बाळाशेठ झाला आहे. पण तो मनाने अजून खाचरातलाच आहे. बस थांबली तेव्हा तो लुंगीवर, गळ्यात सोन्याची साखळी, हातात नुकतीच खाडीवरून आणलेली चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, टोपली घेऊन दारात उभा होता.

"बाय, आलीस गो? किती वाळलीस."

माझं वजन मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगते की मुली बसच्या पायऱ्यांवर तोंड दाबून हसत होत्या.

दुपारी मुलींनी भिवंडी बघायचा हट्ट धरला. बघण्यासारखं काय आहे, असं भिवंडीकर म्हणून मला वाटलं, पण मी त्यांना ओळखीच्या लूमवाल्याकडे नेलं. गल्लीत शिरल्यापासूनच खटखट सुरू झाली आणि आत गेल्यावर कुणाचंच कुणाला ऐकू येईना. लूमवरच्या चाचांनी हातवारे करून धागा कसा जोडतात ते दाखवलं, आणि अर्चनाने पाचव्या प्रयत्नात जोडला तेव्हा त्यांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर चहावाल्याशी मी हिंदीत, त्याच्या शेजारच्याशी मराठीत आणि परत चाचांशी हिंदीत बोलले. मुली माझ्याकडे डोळे विस्फारून बघत राहिल्या. वर्गात मी त्यांच्या निबंधातला एकेक परका शब्द लाल शाईने खोडत असे. त्यांनी मला त्याची आठवण करून दिली नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

संध्याकाळी माझी भाची मानसी कामावरून आली. आता हे नीट ऐका. मानसी ही बाळारामची मुलगी, मानकोलीच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर, आणि आम्हाला ज्यांच्याशी फायनल खेळायची होती त्या संघाची कॅप्टन आणि गोलकीपर. तिचा सगळा संघ गोडाऊनमधला. दिवसभर पार्सल उचलायची, स्कॅन करायची, फेकायची, झेलायची, आणि शिफ्ट संपली की मागच्या मोकळ्या प्लॉटवर खेळायचं. कुणा परदेशी साहेबाच्या बायकोने दोन वर्षं राहून त्यांना शिकवलं. साहेबाची बदली झाली, बाई गेली, खेळ राहिला.

मानसी आली, माझ्या पाया पडली, आमच्या मुलींना भेटली. अर्चनाशी तिचं लगेच जमलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिचा चेहराच उतरला. माझी वहिनी सकाळपासून चुलीशी होती. वड्यांचा डोंगर, मटणाचं मोठं पातेलं, कोळंबी, चिंबोऱ्यांचं कालवण, तळलेले बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या. आमच्या आगऱ्यांत पाहुण्याला पोटभर म्हणजे गळ्यापर्यंत.

"आई, उद्या त्यांची मॅच हाय," मानसी म्हणाली. "येवढं खाऊन धावतील कशा? वरणभात लाव."

वहिनीने हातातला झारा खाली ठेवला. "तुज्या आत्याच्या पोरी पयल्यांदा घरी आल्यान. त्यांना वरणभात वाढू? गावात तोंड दाखवाला नको मना?"

मग तिला संशय आला की मुलगी प्रतिस्पर्धी म्हणून चिकटपणा करते आहे, आणि मायलेकींचं चांगलंच जुंपलं. हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं. रोहिणीही दारातून खुणा करत होती की मॅडम, मुलींना हलकं द्या. मी काय करायला हवं होतं ते आता मला स्पष्ट दिसतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की पस्तीस वर्षांत सासरच्या गावची माणसं पहिल्यांदा माझ्या माहेरी जेवायला बसणार आहेत. मी म्हटलं, "खाऊ दे गं, तरण्या पोरी आहेत, दगड पचवतील."

पंगत बसली. चिंबोरी कशी फोडायची हे कोल्हापूरकडच्या पोरींना ठाऊक नव्हतं. एकीने नांगी दाताखाली धरली आणि रस्सा थेट बाळारामच्या सदऱ्यावर उडाला. त्याला त्याचं इतकं कौतुक वाटलं की त्याने तिला आणखी दोन चिंबोऱ्या वाढायला लावल्या. आमच्या मुलींची अडचण वेगळीच होती. आमच्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं अशी रीत आहे. कशेळीला नको म्हटलं की वाढणाऱ्याला ते नावडलं असं वाटतं आणि तो दुप्पट वाढतो. म्हणजे आमचा शिष्टाचार जितका जास्त, तितके ताटात वडे जास्त. अर्चना एकटी दोन वड्यांवर ताटावर हात आडवा धरून बसली, आणि वहिनीने तिच्या बोटांच्या फटीतून तिसरा सरकवला. मानसी स्वतः दहीभात खाऊन उठली. जाताना ती मला हळूच म्हणाली, "आत्या, तू तुज्याच पोरींना हरवशील." मी हसले. मला ती गंमत वाटली होती.

अकलोली, रविवार सकाळ

इथवरची चूक मी वहिनीच्या पदराला बांधू शकते. अकलोलीची मात्र सगळी माझी.

सकाळी मुली सुस्त होत्या. दोघींचं पोट बिघडलं होतं, बाकीच्या जांभया देत होत्या. सामना दुपारी तीनला होता. मला लहानपणापासून एकच औषध माहीत, अकलोलीचं गरम कुंड. आमची आजी कुठलंही दुखणं घेऊन तिथे जायची आणि अंग मोकळं करून यायची. मी ठरवलं की मुलींची अंगं मोकळी करायची. रोहिणी म्हणाली की सामन्याच्या दिवशी गरम पाण्यात बसवलं तर पाय ढिले पडतात. मी वयाचा मान वापरला आणि सगळ्यांना बसमध्ये घातलं.

कुंडावर जाताना थंडी होती आणि पाण्यावर वाफ होती. पहिला पाय घालताना मुली किंचाळल्या, दुसरा घालताना हसल्या, आणि मानेपर्यंत गेल्यावर एकदम शांत झाल्या. शेजारच्या कुंडातल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, कुठल्या गो तुम्ही. गडहिंग्लज म्हटल्यावर तिला ते गुजरातेत आहे असं वाटलं, आणि तिने आमच्या मराठीचं कौतुक केलं. मुलींना वर काढायला मला अर्धा तास लागला. बाहेर आल्या तेव्हा गाल लाल झाले होते आणि डोळे मिटत होते. फार गोड दिसत होत्या. अशा मुलींना दुपट्यात गुंडाळून झोपवावं, फायनल खेळायला नेऊ नये.

परतीच्या वाटेवर त्या सगळ्या झोपल्या, आणि ट्रकांच्या रांगेत बस उभी राहिली तशी आणखी गाढ झोपल्या. रोहिणी पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होती. तेव्हा कुठे मला शंका आली की माझं चुकलंच.

मानकोली, रविवार दुपार

मैदान म्हणजे गोडाऊनांच्या मागचा सपाट केलेला प्लॉट. एरवी तिथे कंटेनर उभे असतात, रविवार म्हणून हलवले होते. बांधकामाच्या लोखंडी नळ्यांचे खांब आणि मासेमारीचं जुनं जाळं होतं, आणि रेघा चुन्याच्या फक्कीच्या. एका बाजूला मंडप घालून खुर्च्या मांडलेल्या. गोडाऊनमधले कामगार, लूमवरचे चाचा, कशेळीतल्या बायका, असे पुष्कळ लोक जमले होते. खांबांशी पांढरे कोट घातलेले दोन गृहस्थ उभे होते. मला ते डॉक्टर वाटले आणि मी जरा निर्धास्त झाले. ते पंच निघाले. पॉइंट झाला की पांढरा झेंडा दाखवायचा, गोल झाला की हिरवा, एवढंच त्यांचं काम.

नऊ-नऊ जणी, वीस मिनिटांचे दोन डाव. पहिला डाव मी सविस्तर सांगणार नाही, मला सांगवत नाही. आमच्या मुली पळत होत्या, पण पोटाला हात लावून. गोडाऊनच्या पोरी चेंडू हवेत असा झेलत होत्या की त्यांच्यापुढे आमच्या मुली उभ्याच आहेत असं वाटावं. त्यांचे पॉइंट भराभर झाले, मग एक गोल झाला. आमची एक मुलगी तर कडेला बसून ओकली. मध्यंतराला त्यांचे नऊ झाले होते, आमचे तीन.

या सगळ्यात माझा भाऊ काय करत होता? तो खुर्चीवर उभा राहून आमच्या नावाने ओरडत होता. "हान पोरी, हान! पळ गो, पळ!" त्याची स्वतःची मुलगी समोरच्या खांबात उभी, आणि हा पाहुण्यांसाठी घसा फोडतोय. शेजारच्याने टोकलं तर म्हणाला, "पाहुण्या हाईत त्या. कालच जेवून गेल्या माज्या घरा." मानसी तिकडून त्याच्याकडे अशी बघत होती की आज घरी त्याला वरणभातसुद्धा मिळेल की नाही अशी शंका यावी.

मध्यंतरात मुली सावलीत बसल्या होत्या. रोहिणी संत्र्याच्या फोडी वाटत होती. मी मास्तरीण, चूक दुसऱ्याची काढायची सवय असलेली. पण त्या तेरा चेहऱ्यांकडे बघून मला राहवलं नाही. मी म्हटलं की मैदान गेलं तर ते माझ्यामुळे गेलं. मला माझं माहेर मिरवायचं होतं, म्हणून मी तुम्हाला खायला घातलं आणि कुंडात बसवलं. रोहिणीचं ऐकायला हवं होतं.

अर्चनाने संत्र्याची साल बाजूला ठेवली. "मॅडम, खाल्लं आम्ही. तुम्ही काय आमच्या तोंडात कोंबलं न्हाई. आणि वडे लई चांगले होते." मग ती इतरांकडे वळली. "आता पचल्यात. उठा."

खरोखरच पचले असावेत, कारण दुसऱ्या डावात मला माझ्या मुली परत मिळाल्या. पहिल्याच मिनिटाला अर्चनाने लांबून मारलेला चेंडू मानसीच्या हाताला लागून आत गेला. हिरवा झेंडा. मग त्यांचा एक पॉइंट, आमचा एक, त्यांचा एक, आमचा एक. गोडाऊनच्या पोरी दमायला लागल्या होत्या, कारण त्यांच्यातल्या चौघी सकाळची शिफ्ट करून आल्या होत्या. हे मला नंतर समजलं, आणि आमच्या वड्यांबद्दलचं दुःख जरा कमी झालं. मग खांबाजवळच्या झटापटीत आमच्या एकीने मुठीनेच चेंडू जाळ्यात लोटला. पुन्हा हिरवा झेंडा, अकरा-अकरा. लगेच त्यांनी एक पॉइंट मारला, बारा-अकरा. एक मिनिट उरलं होतं.

त्या शेवटच्या मिनिटात अर्चनाला मधोमध चेंडू मिळाला. ती निघाली. चार पावलं, पायावर उडवून झेल, पुन्हा चार पावलं. एकीला चुकवलं, दुसरी घसरून पडली, आणि समोर फक्त मानसी राहिली, हात पसरून. गोल मारला की कप आमचा, मैदान आमचं. मी साडीचा काष्टा खोचल्यासारखी कडेच्या रेघेवर गेले होते आणि ओरडत होते, "मार गोल! मार!" बाळारामही ओरडत होता. अर्चनाने मानसीकडे बघितलं. मग चेंडू वर उडवला आणि मूठ मारून अलगद दांडीवरून पलीकडे घालवला.

पांढरा झेंडा वर गेला, एक पॉइंट झाला, बारा-बारा. शिट्टी वाजली आणि सामना संपला.

मला वाटलं पोर घाबरली. दारापर्यंत येऊन हातपाय गाळले. मी तिच्याकडे गेले ती रागाने. मानसी माझ्या आधीच तिथे पोचली होती, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या होत्या. "असं काय केलंस?" मी विचारलं. "जिंकली असतीस."

"दोन गोल गेलते, तिसरा मानसीताईनं जाऊ दिला नसता," अर्चना धापा टाकत म्हणाली. "अडवला असता तर मैदान गेलं असतं. आता कुठं जातंय?"

मला काहीच कळेना. तेवढ्यात शिट्टीवाल्या मुख्य पंचांनी पुस्तिका उघडून सगळ्यांसमोर शेवटचं पान वाचलं. अंतिम सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळ नाही, पेनल्टी नाही. सामना महिन्याच्या आत पुन्हा, पहिल्यापासून खेळायचा, आणि तोही दुसऱ्या संघाच्या मैदानावर. आयर्लंडात म्हणे असंच करतात. नियम उतरवणाऱ्याने तो तसाच उतरवला होता, आणि तो वाचणारी आमच्यात एकच होती.

"फायनल आपल्या मैदानावर हाय, मॅडम," अर्चना म्हणाली. "ती व्हायच्या आधी अध्यक्ष मैदान कुणाला देत्यात, बघू."

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की प्रश्नपत्रिका शेवटपर्यंत वाचा. त्या मुलीला मी तिथेच मैदानात मिठी मारली आणि रडले. माझ्या नव्या साडीला फक्की लागली ती लागलीच.

सोमवारी निघताना वहिनीने बसमध्ये सुकटीची आणि बोंबलाची एवढी गाठोडी भरली की ड्रायव्हरने खिडक्या उघड्या ठेवायच्या अटीवर गाडी सुरू केली. बाळाराम म्हणाला की मॅचला तोही येणार, पाहुणा म्हणून. लग्नानंतर पस्तीस वर्षांत तो माझ्या सासरी तीनदा आला असेल, आणि तिन्ही वेळा मुक्काम न करता परत गेला आहे. मला फार बरं वाटलं. मानसी खिडकीशी आली आणि म्हणाली, "आत्या, आमी आलो का आमाला वरणभातच घाल हा."

गडहिंग्लज

कप आणला का, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता तुम्हाला मिळालं. अध्यक्षांनीही तोच विचारला. मी त्यांच्या टेबलावर आयोजकांचं पत्र ठेवलं. फायनल आपल्या मैदानावर, बाहेरगावचे पाहुणे, वर्तमानपत्रांना निमंत्रण. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, परत घातला. फायनलचे यजमान म्हणून आपलं नाव छापलं जाणार, हे त्यांना आवडलेलं दिसलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण ते तुमचे उंच खांब काढता येतील असे लावा. सामना झाला की दुसऱ्या दिवशी क्रिकेटवाले येणार."

मी बरं म्हटलं. बाहेर येऊन मुलींना जसंच्या तसं सांगितलं. मुलींचे चेहरे पुन्हा पडले. अर्चनाने मात्र वडिलांना फोन लावला.

काल सकाळी तिचे वडील ओळंबा, पहार आणि सिमेंटची पोती घेऊन मैदानावर आले. तेरा मुलींनी आळीपाळीने खांबांसाठी चार खड्डे खणले. मॅनेजर म्हणून खोली मोजायचं काम माझ्याकडे होतं. दोन फूट झाल्यावर अर्चनाच्या वडिलांनी विचारलं, बाई, पुरे का? अध्यक्षांचे शब्द माझ्या कानात होते. मग मी एरवी पाच ते सातच्या वेळेत त्या मैदानावर धावणाऱ्या माझ्या मुलींकडे बघितलं. घामाने भिजलेल्या, मातीने माखलेल्या, आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी म्हटलं, चार फूट खणा, आणि काँक्रीट भरपूर ओता.